देवमाशाच्या हाडाची पारख

मे २०२५ मध्ये एका संशोधनाची बातमी जगभर छापून आली. फ्रान्स आणि स्पेनच्या मधोमध बिस्केचा उपसागर आहे. त्याच्या आसपासच्या गुहांमधली ८३ हाडी हत्यारं आणि स्पेनमधल्या सांता कातालिना गुहेतले ९० हाडांचे तुकडे शास्त्रज्ञांनी तपासले, आणि त्यांत किमान पाच प्रकारच्या मोठ्या देवमाशांची हाडं ओळखू आली. सर्वांत जुनी हत्यारं सुमारे २०,००० वर्षांपूर्वीची आहेत. तेव्हा युरोप हिमयुगात गारठलेला होता. शेती नव्हती, धातूचा पत्ता नव्हता, आणि तरीही माणसं देवमाशाचं हाड तासून भाल्याची टोकं बनवत होती.

ही बातमी वाचणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो शिकारीचा. एवढं धूड त्यांनी मारलं कसं? प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर पुढे येईलच. पण माझ्या मते त्याहून महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे. दगड हाताशी होता, लाकूड होतं, रेनडियरची शिंगं तर ढिगानं होती. मग देवमाशाचं हाड कशासाठी? आणि एकदा ते हाती आल्यावर त्याचं भांडं, फणी, कुदळ किंवा घराचा वासा करायचा कसा? या प्रश्नांच्या मागे गेलं की किनाऱ्यावरच्या या जुन्या लोकांचं ज्ञान दिसू लागतं. कोणत्या हाडाचा कोणता भाग कशाला चालतो, हे त्यांना नेमकं माहीत होतं.

हे हाड वेगळं कशात आहे?

गाय, घोडा, हरीण यांच्या पायाचं हाड कापून पाहिलं तर जाड भिंतीची नळी दिसते आणि आत मज्जा भरलेली असते. या प्राण्यांना जमिनीवर आपलं वजन पेलायचं असतं, म्हणून नळीची भिंत घट्ट लागते. देवमाशाचं वजन पाणी पेलतं. त्यामुळे त्याच्या बहुतेक हाडांमध्ये मज्जेची मोकळी पोकळी नसते. बाहेर घट्ट हाडाचा एक थर आणि आत सगळी जाळी, अशी त्याची रचना असते. जाळीच्या छिद्राछिद्रांत तेल असतं.

हे तेल किती चिवट असतं याचं उत्तम उदाहरण अमेरिकेतल्या न्यू बेडफर्ड व्हेलिंग म्युझियममध्ये टांगलेलं आहे. १९९८ मध्ये जहाजाच्या धडकेनं मेलेल्या एका तरुण निळ्या देवमाशाचा सांगाडा तिथे आहे. हाडं साफ करून टांगली, त्याला वर्षानुवर्षं उलटून गेली, तरी त्यातून तेल पाझरतच राहिलं. शेवटी संग्रहालयानं ते थेंब गोळा करायला खाली भांडं लावलं. ताज्या हाडावर काम करायला बसलेल्या माणसाचे हात किती बुळबुळीत होत असतील आणि वास किती येत असेल, याचा यावरून अंदाज बांधता येतो.

मात्र अंगभर हाड सारखं नसतं, आणि कारागिराचं सगळं कसब इथेच सुरू होतं. खालचा जबडा लांब आणि बाहेरच्या अंगाला घट्ट असतो. स्पर्म व्हेल या दात असलेल्या मोठ्या देवमाशाच्या जबड्याचा मागचा रुंद भाग तर इतका दाट असतो की त्याला हस्तिदंतासारखी झिलई चढते. न्यूझीलंडचे माओरी लोक याच हाडातून ‘पटू’ नावाचं आखूड, चपटं, हातात धरायचं शस्त्र घडवत. बरगडी लांब आणि वळलेली, म्हणून ती कमानीला, वाशाला आणि खणायच्या अवजाराला चांगली. खांद्याचं पातं रुंद आणि सपाट. मणका म्हणजे जाळीदार हाडाचा मोठा ठोकळा.

मणक्याच्या दोन्ही टोकांना एकेक गोल चकती असते. देवमासा पूर्ण वाढला की ती मणक्याला जोडली जाते. तोवर ती सुटी असते आणि मांस कुजलं की आपोआप निघून येते. मोठ्या देवमाशाच्या बाबतीत ही चकती जेवणाच्या ताटाएवढी भरते. तासायची गरज नाही, कापायची गरज नाही, निसर्गानंच घडवलेलं ताट किनाऱ्यावर पडलेलं मिळतं. स्कॉटलंडच्या बेटांवर अशा चकत्या झाकण किंवा पाट म्हणून वापरल्या गेल्या आहेत.

एक गल्लत आधीच टाळायला हवी. काही देवमाशांच्या तोंडात दातांऐवजी झालरीसारख्या पट्ट्या असतात, त्यांना बलीन म्हणतात. जुन्या काळी युरोपातल्या बायकांच्या कंबरपट्ट्यांत आणि छत्र्यांच्या काड्यांत ज्या पट्ट्या असत, त्या याच. बलीन हे हाड नाही. नखं आणि शिंगं ज्या पदार्थाची बनतात त्याच केराटिनचं ते बनलेलं असतं. हा लेख खऱ्या हाडाबद्दल आहे.

एका मणक्याचं भांडं कसं होतं?

आपल्याकडे दुधी भोपळा वाळवून तुंबा करतात, तेव्हा वरची साल कडक होते आणि आतला भुसभुशीत गर खरवडून काढला की भांडं तयार होतं. मणक्याचं भांडं करायची रीत याच जातीची आहे. मणक्याचा गाभा जाळीदार, भोवतालची भिंत घट्ट. गाभा कोरून काढायचा आणि भिंत ठेवायची.

काम सुरू होण्याआधी वाट पाहावी लागते. हाड वाळूत पुरून ठेवायचं किंवा उघड्यावर ऊन, पाऊस, वारा खाऊ द्यायचं, म्हणजे मांस जातं, बरंचसं तेल जातं आणि हाड हलकं होतं. ज्यांना तेलच हवं असे ते हाड फोडून तेल काढत आणि उरलेलं चुलीत घालत. तेलकट हाड चांगलं पेट घेतं. सांता कातालिना गुहेतले तुकडे अवजारांचे नाहीत, फोडलेल्या हाडांचे आहेत. तेलासाठीच ती हाडं गुहेपर्यंत वाहून आणली असावीत.

हाड निवलं की मणक्याला फुटलेले पंखासारखे बाजूचे भाग तोडायचे. यासाठी दगडी कुऱ्हाड किंवा वाकस चालतो. पुढच्या काळात लोखंडी वाकस आला, तेव्हा त्याच्या पात्याचे उथळ, एकमेकांवर चढलेले घाव हाडावर स्पष्ट उमटू लागले. आजचे पुरातत्त्वज्ञ ते घाव वाचून अवजार दगडाचं होतं की धातूचं, ते सांगतात. मग वरच्या तोंडानं गाभा उकरायला घ्यायचा. जाळीदार हाड टोकदार दगडानंही भुगा होऊन निघतं. भिंतीजवळ आलं की हात हलका करावा लागतो, कारण घट्ट थर फारच पातळ असतो. जोर जास्त झाला की भांड्याला भोक पडलंच. तळ म्हणून खालचा भाग तसाच ठेवायचा आणि शेवटी वाळूच्या दगडावर कडा घासून गुळगुळीत करायच्या.

लांब पट्टी हवी असेल तर रीत वेगळी. जबड्यावर किंवा बरगडीवर चकमकीच्या धारेनं दोन समांतर खोबणी खोल करत न्यायच्या, मग त्यात पाचरी ठोकून मधली पट्टी उचकटून घ्यायची. पाचरही बऱ्याचदा देवमाशाच्याच हाडाची असे. हे हाड तंतूंच्या दिशेनं फुटतं, त्यामुळे दिशा ओळखणं हे निम्मं काम.

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटं आहेत. तिथल्या साउथ रोनाल्डसे बेटावर ‘द केर्न्स’ नावाच्या ठिकाणी लोहयुगातल्या एका भल्यामोठ्या दगडी मनोऱ्याचं उत्खनन झालं. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आसपास लोकांनी तो मनोरा वापरातून काढला आणि दाराजवळ देवमाशाच्या मणक्याचं एक भांडं ठेवून दिलं. भांड्यात माणसाच्या खालच्या जबड्याचं हाड होतं आणि दोन नवजात कोकरांचे अवशेष. ते भांडं फिन व्हेल जातीच्या देवमाशाच्या मणक्याचं असल्याचं डीएनए तपासणीतून कळलं. तिथल्या आणखी कितीतरी वस्तूही त्याच एका फिन व्हेलच्या हाडाच्या निघाल्या. एक देवमासा सगळ्या वस्तीला वर्षानुवर्षं पुरत होता, याचा इतका थेट पुरावा क्वचित मिळतो.

घरात, मागावर, अंगणात

ऑर्कनीतच स्कारा ब्रे नावाचं गाव आहे. १८५० च्या वादळानं वाळूचा ढीग उडवला आणि दगडी घरांची ही वस्ती उघडी पडली. पुढे १९२० च्या दशकाच्या अखेरीस गॉर्डन चाइल्ड या पुरातत्त्वज्ञानं तिथे मोठं उत्खनन केलं. इसवी सनपूर्व ३१८० ते २५०० या काळात इथे लोक राहत होते. त्यांचे पलंग दगडाचे, फडताळं दगडाची, चुली दगडाच्या. बेटावर उंच झाडं जवळजवळ नव्हतीच. छप्पर कशावर तोललं होतं हा प्रश्न म्हणूनच राहतो, आणि त्याचं सर्वांत पटणारं उत्तर म्हणजे वाहून आलेली लाकडं आणि देवमाशाच्या बरगड्या. घरांमध्ये या हाडाची भांडी मिळाली, आणि काहींत गेरूचे अवशेष होते. हाडाच्या सुया आणि टोचेही ढिगानं मिळाले. ते मात्र बहुतेक गुराढोरांच्या आणि पक्ष्यांच्या हाडांचे. बारीक कामाला बारीक हाड आणि मोठ्या कामाला मोठं, ही निवड तिथे स्पष्ट दिसते.

याच गावातली एक वस्तू मला फार आवडते. साडेनऊ सेंटिमीटर उंचीची, देवमाशाच्या हाडाची एक बाहुली. तिला दोन डोळे आहेत, तोंड आहे, पोटावर बेंबी आहे. एकोणिसाव्या शतकात ती सापडली, तिचं रेखाटन झालं आणि नंतर ती दिसेनाशी झाली. २०१६ मध्ये ऑर्कनीतल्याच स्ट्रॉमनेस गावच्या संग्रहालयातल्या एका खोक्यात ती पुन्हा हाती लागली. खेळणं होतं की देवता, सांगता येत नाही. पण हाडाचा एक लहानसा तुकडा उचलून कुणीतरी त्याला चेहरा दिला, आणि पाच हजार वर्षांनंतरही तो चेहरा आपल्याकडे पाहतो, हे मला विलक्षण वाटतं.

पुढे लोहयुगात याच बेटांवर लांब दांड्याच्या फण्या घडवल्या गेल्या. मागावर आडवे धागे ठोकून बसवायला त्या वापरत असावेत, असं मानलं जातं. काही फण्या हरणाच्या शिंगाच्या आहेत, बऱ्याच देवमाशाच्या हाडाच्या. दात झिजून गुळगुळीत झालेले, दांड्याला हाताची लकाकी आलेली. कुणाच्या तरी रोजच्या कामातली ही वस्तू होती.

त्यानंतर व्हायकिंग आले. त्यांच्या श्रीमंत बायकांच्या थडग्यांमध्ये देवमाशाच्या हाडाच्या चपट्या, कोरीव फळ्या मिळतात. वरच्या बाजूला एकमेकांकडे पाहणारी दोन प्राण्यांची मुंडकी असतात. अशा बऱ्याच फळ्या उत्तर नॉर्वेत मिळाल्या आहेत. ऑर्कनीतल्या सँडे बेटावर स्कार या ठिकाणी १९९१ मध्ये नावेसकट पुरलेली एक दफनजागा खोदली गेली. एक पुरुष, एक मूल आणि सत्तरीच्या घरातली एक बाई. बाईच्या बाजूला अशीच एक फळी ठेवलेली होती. काचेच्या गोल गोट्यानं लिननचं कापड या फळीवर घासून गुळगुळीत करत, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

‘लाकूड नव्हतं म्हणून हाड वापरलं, एवढंच ना?’

ऑर्कनीचं उदाहरण वाचून ही शंका येणारच. झाडं नाहीत, मग माणूस करणार काय? आर्क्टिकमध्येही तेच दिसतं. इसवी सन १००० नंतर अलास्काकडून कॅनडा आणि ग्रीनलंडपर्यंत पसरलेल्या थुले संस्कृतीच्या लोकांनी, म्हणजे आजच्या इनुइटांच्या पूर्वजांनी, अर्धी जमिनीत खणलेली घरं बांधली. छपराचा सांगाडा बोहेड व्हेल या आर्क्टिकमधल्या देवमाशाच्या जबड्यांचा आणि बरगड्यांचा, त्यावर कातडी, त्यावर गवताळ मातीचे थर. आत यायचा बोगदा घराच्या पातळीपेक्षा खाली असे, म्हणजे थंड हवा तिथेच अडकून राही. तिथे लाकूड म्हणजे समुद्रानं आणून टाकलेला एखादा ओंडका. हाडाशिवाय इलाज नव्हता, हे मान्य.

पण अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर चला. वॉशिंग्टन राज्यात, मका नावाच्या तिथल्या मूळ रहिवाशांच्या मुलखात, ओझेट नावाचं गाव होतं. काही शतकांपूर्वी डोंगराचा ओला चिखल कोसळला आणि गावातली घरं जशीच्या तशी गाडली गेली. १९७० मध्ये वादळी लाटांनी किनारा खचला, आतल्या वस्तू दिसू लागल्या आणि त्यानंतर अकरा वर्षं उत्खनन चाललं. ५५,००० हून अधिक वस्तू बाहेर आल्या. चिखलात हवा शिरली नव्हती, म्हणून लाकूड, टोपल्या, दोर सगळं टिकलं होतं.

या गावाभोवती सिडारचं घनदाट जंगल होतं. एकेका झाडातून अखंड नाव कोरावी एवढी झाडं. मका लोकांची घरं सिडारच्या फळ्यांची, पेट्या सिडारच्या, दोर आणि कपडेही सिडारच्या सालीचे. लाकडाचा असा सुकाळ असताना त्यांनी देवमाशाचं हाड कुठे वापरलं ते पाहण्यासारखं आहे. घरामागून उतरणारं पाणी वळवायला हाडांचे पाट केले. चिखल घरावर येऊ नये म्हणून हाडांचे बांध घातले. सिडारचे ओंडके फोडायच्या पाचरी, चातीच्या चकत्या, सोटे आणि साल ठोकून मऊ करायचे ठोकणे याच हाडाचे केले. लाकूड पाण्यात कुजतं, हाड लवकर कुजत नाही. दगडाच्या धारेनं साल तुटली असती, हाडाची बोथट कड मात्र तंतू न तोडता ते मोकळे करते. जिथे हाड लाकडापेक्षा सरस, तिथेच हाड.

बिस्केच्या उपसागरातही हाच हिशेब दिसतो. तिथल्या शिकाऱ्यांची नेहमीची सामग्री रेनडियरचं शिंग होती. शिंग चिवट असतं, लवचिक असतं, भाल्याला उत्तम. पण त्यातला घट्ट भाग पातळ आणि लांबीला मर्यादित. देवमाशाच्या हाडातून त्याहून लांब आणि जाड टोकं काढता येत, काही तर ४० सेंटिमीटरहून लांब. ती टोकं घेऊन हे लोक जमिनीवरच घोडे, गवे आणि रेनडियर मारत. या वस्तू किनाऱ्यापासून लांब, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याच्या गुहांपर्यंत पोचल्या होत्या. ज्यांनी समुद्र कधी पाहिला नसेल, त्यांच्या हातातही त्या गेल्या असतील. नुसती अडचण भागवायला कुणी इतक्या दूरवर हाड वाहून नेत नाही.

मग एवढं धूड मारलं कसं?

बहुतेक वेळा मारलंच नाही. देवमासे किनाऱ्याला लागतात, जिवंत किंवा मेलेले, आणि हे सगळ्या काळात आणि सगळ्या समुद्रांवर घडत आलं आहे. हिमयुगातल्या बिस्केमध्ये ओळखू आलेल्या पाच जाती म्हणजे स्पर्म, फिन, निळा, ग्रे, आणि राइट किंवा बोहेड. निळा आणि फिन हे इतके वेगवान आणि मोठे की वाफेची जहाजं येईपर्यंत त्यांच्या मागे लागणं जवळजवळ अशक्य होतं. तेव्हा तिथे वाहून आलेल्या धुडांचाच वापर झाला, हे मानायला जागा आहे.

एक वस्तू तर स्वतःच हे सांगते. ब्रिटिश म्युझियममध्ये ‘फ्रँक्स कास्केट’ नावाची हाडाची एक कोरीव पेटी आहे, आठव्या शतकाच्या सुरुवातीची, उत्तर इंग्लंडमध्ये घडलेली. समोरच्या बाजूला रून या उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीत काही ओळी कोरल्या आहेत. भरतीनं माशाला खडकाळ काठावर उचलून टाकलं, वाळूवर येताच तो बलाढ्य राजा खिन्न झाला, असा त्यांचा आशय आहे, आणि पुढे खुलासा आहे की हे देवमाशाचं हाड. कच्चा माल कुठून आला हे कारागिरानं मालावरच कोरून ठेवलं, अशी दुसरी वस्तू मला माहीत नाही.

शिकार झालीच नाही, असं मात्र नाही. दक्षिण कोरियात उल्सानजवळ बांगुदे इथल्या कातळावर हजारो वर्षांपूर्वी देवमासे कोरलेले आहेत, नावा आणि हार्पून, म्हणजे दोर बांधलेला भाला, यांसकट. २०२५ मध्ये हे ठिकाण जागतिक वारसा यादीत गेलं. त्याच उल्सान परिसरात देवमाशाची अशी हाडं मिळाली की ज्यांत हाडी हार्पूनचं टोक रुतून बसलेलं होतं. थुले लोक कातडी नावांतून बोहेड व्हेलच्या मागे जात. हा प्राणी संथ पोहतो आणि त्याच्या अंगात चरबी इतकी की मेल्यावर तो तरंगतो. मका लोक आठजणांच्या नावेतून ग्रे आणि हंपबॅक मारत. हार्पूनला सीलच्या कातडीचे फुगवलेले फुगे बांधत, म्हणजे जखमी देवमासा खोल जाऊ शकत नसे. मेल्यावर एकजण पाण्यात उडी मारून त्याचं तोंड शिवून टाकी, नाहीतर पाणी भरून तो बुडाला असता. १८५५ च्या करारात अमेरिकी सरकारनं त्यांचा हा हक्क लिहून दिला आहे.

स्वीडनमधून आणखी एक धागा मिळतो. सहाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथल्या पटावरच्या सोंगट्या शिंगाच्या किंवा इतर हाडाच्या असत. त्यानंतर देवमाशाच्या हाडाच्या, एकाच मापाच्या सोंगट्या मोठ्या संख्येनं दिसू लागतात. तपासलेल्या सोंगट्यांत बहुतेक राइट व्हेलच्या कुळातल्या निघाल्या. किनाऱ्याला लागणाऱ्या धुडांत नाना जाती मिसळलेल्या असतात. एकाच जातीचं हाड नियमित येत असेल, तर कुणीतरी ठरवून शिकार करत असणार, असा अभ्यासकांचा तर्क आहे, आणि तो मला पटतो.

भारताच्या वेशीवरची वस्ती

हा सगळा थंड समुद्रांचा मामला वाटत असेल, तर मकरानचा किनारा पाहायला हवा. आजच्या बलुचिस्तानचा हा कोरडा, उजाड पट्टा, सिंधूच्या मुखापासून पश्चिमेला पसरलेला. इसवी सनपूर्व ३२५ मध्ये सिकंदराचा नौदलप्रमुख नेआर्कस सिंधूतून निघून याच किनाऱ्यानं परत गेला. त्याचं मूळ लेखन हरवलं, पण एरियन आणि त्याआधी स्ट्रेबो या ग्रीक लेखकांनी त्याच्या हकिगती नोंदवल्या आहेत.

नेआर्कसला इथे मासे खाऊन जगणारी माणसं भेटली. त्यांतले सधन लोक देवमाशाच्या बरगड्यांचे वासे आणि खांब करत, आणि जबड्याच्या हाडांची दारं. मणक्यांची उखळं करत, असं स्ट्रेबो सांगतो. उन्हात भाजलेले मासे त्यांत कांडायचे आणि थोडं पीठ मिसळून त्याची भाकर करायची. उत्तर अटलांटिकमधलं भांडं आणि मकरानचं उखळ एकाच हाडाचं आहे, आणि या दोन लोकांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता. मणका हातात आला की माणसाला त्यात भांडं दिसतं, मग तो कुठलाही असो.

याच प्रवासात नेआर्कसच्या ताफ्याला जिवंत देवमासेही दिसले. समुद्रातून पाण्याचे फवारे उडताना पाहून वल्हेकऱ्यांच्या हातून वल्ही गळाली. नेआर्कसनं नावा युद्धासारख्या रांगेत लावल्या, कर्णे फुंकले, आरोळ्या ठोकायला लावल्या. देवमासे बुडी मारून मागच्या बाजूला वर आले आणि निघून गेले.

हाड देवमाशाचंच, हे ठरवतात कसं?

अखंड मणका असेल तर प्रश्नच नाही. पण घासून गुळगुळीत केलेली सोंगटी किंवा भाल्याचं टोक पाहून जात सांगणार कशी? जाळी आणि छिद्रांवरून देवमाशाचा संशय येतो, खात्री होत नाही. २००९ च्या सुमारास इंग्लंडमधल्या यॉर्कच्या शास्त्रज्ञांनी यासाठी एक पद्धत विकसित केली. हाडात कोलाजेन नावाचं प्रथिन असतं आणि ते डीएनएपेक्षा कितीतरी जास्त काळ टिकतं. काही मिलिग्रॅम हाड घ्यायचं, त्यातलं कोलाजेन एका विकरानं (एन्झाइमनं) ठरावीक जागी तोडायचं आणि तुकड्यांचं वजन यंत्रावर मोजायचं. प्राण्यागणिक कोलाजेनची रचना किंचित बदलते, म्हणून तुकड्यांच्या वजनांची यादीही बदलते. तीच त्या प्राण्याची ओळख.

या पद्धतीला मर्यादा आहे. जवळचे नातेवाईक तिला वेगळे ओळखता येत नाहीत, म्हणूनच वर ‘राइट किंवा बोहेड’ असं लिहावं लागलं. पण वस्तूला जवळजवळ धक्का न लावता जात कळते, त्यामुळे संग्रहालयं नमुने द्यायला तयार होतात. वय ठरवायला कार्बन-१४ वापरतात. तिथेही एक खाच आहे. समुद्रातला कार्बन जुना असतो, त्यामुळे समुद्री हाडाचं वय खऱ्यापेक्षा काही शतकं जास्त येतं. तेवढी वजावट करावीच लागते.

बिस्केच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. हिमयुगाच्या ऐन भरात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. त्या काळचा खरा किनारा, तिथल्या वस्त्या, हाडं तासायच्या जागा, सगळं आज पाण्याखाली आहे. आपल्याला दिसतात ते किनाऱ्यापासून आत नेलेले थोडेसे नमुने.

आपल्या कोकणात असं का दिसत नाही?

देवमासे कोकणालाही येतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला एक पिल्लू किनाऱ्याला लागलं, तेव्हा गावकरी, वन खातं आणि इतर यंत्रणांनी त्याला पाण्यात ढकलायची शिकस्त केली, तरी ते वाचलं नाही. त्या दोन दिवसांत लोकांनी घेतलेले कष्ट अनेकांनी टीव्हीवर पाहिले असतील.

तरीही या हाडाच्या वस्तूंची परंपरा कोकणात दिसत नाही, आणि त्याची कारणं साधी आहेत. बांबू, नारळ, माड, सागवान, शिंपले, माती, सगळं हाताशी असताना तेलकट हाडाच्या मागे लागायची गरज कमी. त्यात जांभ्याची माती आम्लधर्मी, आणि पाऊस धो धो. अशा जमिनीत हाड फार काळ टिकत नाही. स्कारा ब्रेची हाडं वाचली, कारण शिंपल्यांचा चुना असलेल्या वाळूनं त्यांना झाकून ठेवलं होतं.

किनाऱ्यावर देवमाशाचं हाड दिसलं तर ते घरी आणू नका. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार देवमासे अनुसूची १ मध्ये आहेत. मेलेल्या प्राण्याचा अवयव बाळगणं हाही गुन्हा आहे, अंबरग्रीसच्या, म्हणजे ‘देवमाशाची उलटी’ म्हणतात त्या पदार्थाच्या, तस्करीत पकडल्या जाणाऱ्यांवर लागतो तोच कायदा. वन खात्याला कळवायचं.

या वस्तूंचा आज उपयोग काय?

पहिला उपयोग देवमाशांच्या अभ्यासाला. ग्रे व्हेल आज उत्तर पॅसिफिक आणि त्याला लागून असलेल्या आर्क्टिकमध्येच राहतो. अटलांटिकमधले ग्रे व्हेल सतराव्या-अठराव्या शतकापर्यंत संपले. ते तिथे होते, कुठवर फिरत होते, केव्हापासून होते, हे सांगायला आता हीच जुनी हत्यारं आणि तुकडे उरले आहेत. राइट व्हेलचंही तसंच. एकेकाळी युरोपच्या किनाऱ्यावर मुबलक असलेली ही जात आज अमेरिकेच्या बाजूला काहीशे एवढीच उरली आहे.

दुसरा उपयोग जिवंत कारागिरांना. ही कला कुठे कुठे अजून चालू आहे. जुलै २०२४ मध्ये न्यूझीलंडच्या ओटागो किनाऱ्यावर पाच मीटर लांबीचा एक स्पेड-टूथ्ड व्हेल मरून पडला. जगातला सर्वांत दुर्मीळ मानला जाणारा हा देवमासा जिवंतपणी कुणी खात्रीनं पाहिलेला नाही. डिसेंबरमध्ये त्याचं विच्छेदन झालं, त्या जातीचं पहिलंच संपूर्ण विच्छेदन, आणि ते शास्त्रज्ञांनी स्थानिक माओरी समाजासोबत मिळून केलं. वरच्या जबड्यात हिरड्यांखाली दडलेले अवशेषरूप दात मिळाले, पोटाचे नऊ कप्पे मोजले गेले. सांगाडा संग्रहालयात गेला. खालचा जबडा आणि दात मात्र तिथल्या माओरींकडे राहिले, आणि संग्रहालयातल्या सांगाड्यासाठी त्यांच्या प्रतिकृती थ्रीडी प्रिंटरवर करायचं ठरलं.